पडद्याआडची पेढी : बायजाबाई शिंदे यांचा उत्तरकाळ

इ. स. १८५७ च्या आरंभी कोकणात पेणजवळच्या वरसई गावी एक वार्ता येऊन पोहोचली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्याप्रीत्यर्थ लक्षावधी रुपयांचा व्यय व्हावयाचा आहे, तेव्हा वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळेल, अशी ती वार्ता होती. कर्जाने गांजलेले विष्णुभट गोडसे ती ऐकून आपल्या चुलत्यासह उत्तरेच्या वाटेला लागले. पुढे काय घडले हे ग्रंथालयाच्या जुन्या सभासदांना सांगावयास नको. भटजी माळव्यात पोहोचतात तोच बंडाचा वणवा पेटला, यज्ञ भटजींच्या वाट्याला आला नाही, आणि दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार होऊन रिकाम्या हाताने परतला. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मुळे महाराष्ट्राच्या घराघरांत झाशीची राणी पोहोचली. ज्यांच्या द्रव्याच्या लौकिकामुळे तो प्रवास घडला त्या बायजाबाई मात्र, यज्ञ योजणाऱ्या एक श्रीमंत वृद्धा, एवढ्याच ओळखीवर मागे राहिल्या.

त्या वेळी बायजाबाईंचे वय ७३ वर्षांचे होते. राज्य हातून जाऊन २४ वर्षे लोटली होती. त्यांना पुत्र नव्हता, पती जाऊन तीस वर्षे झाली होती, आणि दत्तक पुत्राशी झालेल्या वैराची समाप्ती त्याच्या मृत्यूनेच झाली होती. तरीही त्यांच्या नुसत्या संकल्पाची बातमी शेकडो कोस दूर असलेल्या कोकणातील खेड्यापर्यंत जाते आणि माणसे घरदार सोडून निघतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. हा दबदबा गेलेल्या गादीचा नव्हता; तो त्यांच्या पैशाचा होता. ग्वाल्हेरच्या इतिहासात बायजाबाईंचा उल्लेख राज्यकर्ती स्त्री म्हणून होतो आणि तो योग्यच आहे. परंतु राज्य सहा वर्षे टिकले, सावकारी मात्र आयुष्यभर चालली. त्यांचा उत्तरकाळ उमजावयाचा असेल तर सिंहासनापेक्षा पेढीकडे पाहिले पाहिजे.

या द्रव्याचा उगम पुण्यातील लोकांना तरी सुखाने आठवावा असा नव्हता. बायजाबाईंचा जन्म १७८४ मध्ये कागलच्या घाटग्यांच्या घराण्यात झाला. वडील सखाराम घाटगे हे इतिहासात सर्जेराव या किताबानेच अधिक परिचित आहेत. १७९८ मध्ये पुण्यास दौलतराव शिंद्यांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा वधू चौदा वर्षांची होती. दुसऱ्या बाजीरावाला मसनदीवर बसविण्याच्या मोबदल्यात कबूल झालेली रक्कम शिंद्यांना मिळेना, फौजेचा पगार तुंबलेला, आणि त्यात लग्नाचा खर्च. ही सर्व वसुली सर्जेरावांनी पुण्याच्या धनिकांकडून कशी केली याचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. तापलेल्या तोफेला माणसे बांधण्यापर्यंत ती मजल गेली. मुलीचा त्यात हात नव्हता, हे उघड आहे. तरी 'सर्जेरावाची लेक' हा शिक्का त्यांच्या कपाळी कायमचा बसला, आणि त्यांच्याविषयी मराठी लेखनात जो एक आकस वेळोवेळी डोकावतो त्याचे मूळ पुण्यातील त्या दिवसांत आहे, असे म्हणावे लागते.

बायजाबाई घोड्यावर उत्तम बसत, भालाफेक व तलवार यांत तरबेज होत्या, पतीबरोबर मोहिमांतही असत. १८०३ च्या असईच्या रणांगणावर त्या हजर होत्या, अशी परंपरा आहे. पण त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने असईपेक्षा नंतरचा एक कागद महत्त्वाचा ठरला. नोव्हेंबर १८०५ मध्ये कंपनी सरकार आणि दौलतराव यांच्यात जो तह झाला, त्यात ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांकडे परत आले. त्याच तहात बायजाबाईंना वार्षिक दोन लाखांची आणि त्यांच्या कन्येला एक लाखाची जहागीर कंपनीने लावून दिली; आणि त्याच तहात सर्जेराव घाटग्यांना शिंद्यांच्या मसलतीत यापुढे कधीही स्थान असू नये, असेही कलम घातले. एकाच कागदावर बापाला हद्दपारी आणि लेकीला उत्पन्न! इंग्रजांचा हिशेब सरळ होता. दौलतरावांच्या दरबारात बाईंचे वजन किती आहे हे त्यांनी ओळखले होते आणि ते विकत घेता येईल असा त्यांचा समज होता. १८०९ मध्ये सर्जेराव शिंद्यांच्या छावणीतच मारले गेले. जहागिरीचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे येत राहिले आणि ते दरबारच्या फडावर न जाता बाईंच्या स्वतःच्या खात्यावर जमा होत गेले.

१८१० मध्ये दौलतरावांनी आपला तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायम केला आणि त्या तळाचे 'लष्कर' हे शहर झाले. राहुट्यांच्या जागी पेठा उठल्या, सराफा वसला, गोरखीचा वाडा उभा राहिला. राजधानी उज्जैनहून इकडे आली तरी माळव्याचा पैसा उज्जैनीतच फिरत होता. बायजाबाईंच्या पेढ्याही तेथेच होत्या. 'नाथजी किशनदास' आणि 'नाथजी भगवानदास' या नावांनी त्या चालत. नावे गुमास्त्यांची, भांडवल बाईंचे.

अशी पेढी कशी चाले हे आजच्या बँकेच्या ग्राहकाला थोडे विस्ताराने सांगावयास हवे. त्या काळी राज्याचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदाराला दरबारात रक्कम आगाऊ भरावी लागे. ती तो सावकाराकडून उचले आणि रयतेकडून वसूल करून व्याजासह फेडी. फौजेचा पगार तुंबला की दरबारही याच सावकारांच्या दारी येई. एका शहरातील पैसा दुसऱ्या शहरात पोहोचविण्यासाठी रोकड लादून नेण्याचे कारण नव्हते. हुंडी लिहिली की काम होई. दर्शनी हुंडी दाखविताक्षणी पटे, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी. उज्जैनच्या पेढीचा कागद काशीस पटतो की नाही, एवढ्यावर त्या पेढीची अब्रू उभी असे. त्यात माळव्याची अफू होती. खसखशीच्या शेतकऱ्याला पेरणीआधी उचल, पीक आल्यावर चिकाची खरेदी, आणि कंपनीचे निर्बंध चुकवून पाली, जैसलमेर, कराची या वाटेने दमणच्या बंदरापर्यंत माल पोहोचविणे, हा सारा व्यवहार उज्जैन-इंदूरच्या सावकारीवर चाले. कंपनीला बंगालच्या आपल्या अफूचा मक्ता राखावयाचा होता. माळव्याची अफू तिच्या डोळ्यांत खुपत होती. शेवटी १८३० च्या सुमारास बंदीचा नाद सोडून परवान्यावर महसूल घेण्याचा मार्ग कंपनीने पत्करला. माळव्याच्या सावकारांनी तो सामना जिंकला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या धंद्याला पडदा आड येत नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सावकार गिऱ्हाइकासमोर येतो कोठे? त्याचा गुमास्ता येतो, त्याची मुद्रा येते, त्याचा कागद येतो. उत्तरेतील रिवाजाप्रमाणे बायजाबाई परपुरुषाशी पडद्याआडून बोलत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या भेटीही तशाच होत. रणांगणावर किंवा दरबारात जी चाल अडचणीची ठरावी, तीच पेढीच्या व्यवहारात अगदी सोयीची होती. समोरच्या माणसाचा चेहरा, त्याची चुळबूळ बाईंना चिकाच्या पडद्यातून दिसे; त्याला मात्र केवळ आवाज ऐकू येई.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी निपुत्रिक वारले. कारभार बायजाबाईंनी पाहावा अशी त्यांची इच्छा होती. जून महिन्यात शिंदे कुळातील अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला आणि तो जनकोजीराव या नावाने गादीवर आला. पुढील सहा वर्षे सत्ता बाईंच्या हाती होती. याच काळात कंपनीने त्यांच्याकडून ८० लाख रुपयांचे कर्ज घेतले व त्याचे व्याज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेच्या खर्चास लावले. धनको ग्वाल्हेरची विधवा, ऋणको हिंदुस्थानचे कंपनी सरकार, आणि व्याज पुन्हा कंपनीच्याच शिपायांच्या पगाराला! कर्ज देऊन सरकारला मिंधे करता येते, असा बाईंचा अंदाज असावा. सावकाराच्या जगात तो बरोबर होता. मात्र ज्याच्याजवळ तोफा आहेत असा ऋणको त्यांच्या खतावणीत यापूर्वी आला नव्हता.

जनकोजीराव वयात आले तरी बाई कारभार सोडीनात. गादी मुलाची की आपल्या हयातीपर्यंत आपली, या वादात त्यांनी समन्वय साधला नाही, आणि हा त्यांचा दोष लपविण्याचे कारण नाही. ज्या माणसाला आपण गादीवर बसविले तो आपला आश्रितच राहील हा हिशेब सर्जेरावांच्या लेकीने केला, तो चुकला. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरीस येऊन गेले. दोन्ही पक्षांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणी नेली, त्यांनी कोणालाच स्पष्ट उत्तर दिले नाही. जुलै १८३३ मध्ये फौजेचा मोठा भाग जनकोजीरावांकडे वळला. बाईंनी रेसिडेन्सीचा आश्रय घेतला आणि तेथून त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. धोलपूर, आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद असा तो वनवास होता.

या वनवासातील बायजाबाईंचे एक अत्यंत जिवंत चित्र आपल्याला मिळते ते एका इंग्रज स्त्रीमुळे. अलाहाबादच्या कस्टम खात्यातील अधिकाऱ्याची पत्नी फॅनी पार्क्स १८३५ मध्ये फत्तेगडच्या छावणीत त्यांना भेटली. हिंदुस्थानी बोलणारी, सतार वाजविणारी, हिंडण्याची हौस असलेली ही बाई होती. तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये लंडनला दोन खंडांत निघाले. पडद्याच्या आत तिला जे दिसले ते एखाद्या पुरुष रेसिडेंटाच्या खलित्यात येणे शक्यच नव्हते.

जरतारी गादीवर बायजाबाई बसल्या होत्या, शेजारी नात गजराराजा, सभोवती उभ्या असलेल्या मराठा स्त्रिया, आणि गादीवर बाईंच्या पायांशी ठेवलेली दौलतराव शिंद्यांची तलवार. केस पिकलेले, अंग भरलेले, हात-पाय लहान व रेखीव, हास्य गोड. अंगावर साधे लाल रेशमी वस्त्र. दागिना म्हणाल तर हातात सोन्याच्या दोन साध्या कांबी. विधवेने आभूषणे वर्ज्य करावीत हा दंडक ज्या स्त्रीकडे सबंध उत्तर हिंदुस्थानातील निवडक रत्ने असावीत तिने निमूट पाळला होता. कन्या चिमणाराजा आधीच वारली होती. उरली होती ती ही नात. पार्क्सबाईला आवडला तो त्यांच्या वागण्यातील मोकळेपणा. आश्रितासारखे त्या वागत नव्हत्या.

मग घोड्यांचा विषय निघाला. इंग्रज स्त्रिया एका बाजूला पाय सोडून घोड्यावर बसतात हे ऐकून आणि पाहून छावणीतील मराठा बायकांची हसता हसता पुरेवाट झाली. त्यांनी पार्क्सबाईला मराठी पद्धतीचे वस्त्र नेसवून, दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसविले, आणि ती पद्धत किती सोयीची आहे हे तिने प्रांजळपणे कबूल केले. कनातींनी वेढलेल्या मैदानात घोडी फेकणाऱ्या या बायका परागंदा दरबाराच्या होत्या, हे क्षणभर विसरावयास होते.

त्यांच्या संभाषणातील एक भाग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोघींचे बोलणे हिंदू विधवेच्या हालअपेष्टांवरून इंग्लंडातील विवाहित स्त्रीच्या स्थितीवर आले. इंग्रजी कायद्याने विवाहित स्त्री पूर्णपणे नवऱ्याच्या अधीन असते, हे पार्क्सबाईनेच मोकळेपणाने सांगितले. वस्तुस्थिती तशीच होती. १८३५ मध्ये इंग्लंडातील विवाहितेची मिळकत, बोली वेगळी लिहून ठेवलेली नसेल तर, कायद्याने नवऱ्याच्या हाती जाई. या अन्यायाला पहिला धक्का १८७० च्या कायद्याने बसला आणि खरी सुधारणा १८८२ मध्ये झाली. उलट हिंदू धर्मशास्त्राने स्त्रीधन ही कल्पना फार पूर्वीपासून मान्य केली होती. तेव्हा त्या तंबूत जी स्त्री गवतावर निजण्याचे व्रत पाळत होती तिच्या स्वतःच्या नावावर पेढ्या होत्या, आणि जी स्त्री स्वच्छंदपणे गंगेतून नावेने हिंडत होती तिला नवऱ्यापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नव्हते. दोघींपैकी कोण अधिक बंधनात होती, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

अर्थात धर्मशास्त्राने दिलेला हक्क तोफखान्यापुढे किती टिकतो हा प्रश्न होताच. बायजाबाईंच्या विरुद्ध मुख्य आक्षेप हाच होता की त्यांनी बरोबर नेलेले व ठिकठिकाणी ठेवलेले द्रव्य त्यांचे खासगी नसून दौलतीचे आहे. जनकोजीरावांच्या दरबाराचे म्हणणे पूर्णपणे खोटे होते असे नाही. सहा वर्षे ज्या हातांत राज्याची तिजोरी आणि स्वतःची पेढी दोन्ही होत्या, त्या हातांनी दोहोंमधली रेघ नेहमीच काटेकोर पाळली असेल असे कोण म्हणेल? परंतु १८०५ च्या जहागिरीपासून वाढत आलेले उत्पन्नही त्याच ढिगात होते, आणि त्याचा निवाडा कोणत्याही न्यायासनासमोर झाला नाही. काशीच्या हवेलीतील त्यांची ठेव इंग्रजांनी ताब्यात घेतली. त्यांनी कोठे राहावे हेही कंपनीच ठरवू लागली. काशीस जा म्हटले, त्या गेल्या नाहीत; दक्षिणेत जा म्हटले, वर्षे लांबली. त्याच सुमारास, १८३६ च्या जानेवारीत, सरधन्याची बेगम समरू वारली आणि तिची जहागीर कंपनीने तत्काळ खालसा केली. शेजारच्या मुलखातील हे उदाहरण बायजाबाईंच्या कानी गेले नसेल, हे संभवत नाही.

त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे दिल्लीस जाऊन राहिले होते. टेकडीवरचे त्यांचे निवासस्थान, इंग्रजांशी त्यांचे मैत्र, मेजवान्या आणि शिकारी यांचा दिल्लीत बोलबाला होता. पुढे १८५७ च्या वेढ्यात ते घर इंग्रजांचे मोक्याचे ठाणे झाले आणि आज त्या नावाचे मोठे रुग्णालय दिल्लीकरांना परिचित आहे. एकाच बापाची ही दोन अपत्ये. भावाला पैसा उधळून इंग्रजांचा स्नेह मिळाला; बहिणीला पैसा जपण्याबद्दल त्यांचा संशय.

अखेर वार्षिक चार लाखांच्या नेमणुकीवर बायजाबाईंना नाशिकला जाऊन राहण्याची मुभा मिळाली आणि १८४० च्या सुमारास त्या गोदातीरी आल्या. कागल सोडल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी मराठी मुलखात परतण्याचा हा योग अशा रीतीने आला. तिकडे ग्वाल्हेरीत जनकोजीराव १८४३ च्या फेब्रुवारीत निपुत्रिक वारले, त्यांच्या तेरा वर्षांच्या विधवेच्या मांडीवर जयाजीरावांना दत्तक देण्यात आले, दरबारातील दुफळीचे निमित्त करून लॉर्ड एलेनबरोंची फौज आली, आणि २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. यानंतर वृद्ध बायजाबाईंपासून कोणालाच भय उरले नाही. त्या उज्जैनला येऊन राहिल्या आणि पुढे ग्वाल्हेरीस परतल्या. ज्या शहरातून रात्री निघून जावे लागले होते त्या शहरात दोन तपांनी त्या राजमातेच्या मानाने आल्या.

या शेवटच्या पर्वात त्यांचा वेळ पूजाअर्चा, दानधर्म आणि हिशेब यांत जाई. तत्कालीन धनिक विधवेच्या आयुष्याचे हे ठरीव रूप आहे, असे कोणी म्हणेल. पण दानधर्माकडे केवळ भक्ती म्हणून पाहिले तर त्यातील दुसरी बाजू हातून निसटते. राज्य गमावलेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या व्यक्तीचे नाव गंगाकाठापासून कोकणापर्यंत पोहोचविण्याचे तेच एक साधन उरले होते. दक्षिणेस लावलेल्या लाखो रुपयांवर इंग्रजांना हरकत घेता येत नव्हती, दरबारालाही नाही. मथुरेच्या यज्ञाचा संकल्प याच जातीचा होता.

तो संकल्प बंडात बुडाला. १४ जून १८५७ रोजी मोरारच्या छावणीत कंटिंजंट फौज उठली. जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी तिला काही महिने झुलवत ठेवले. १ जून १८५८ रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले, जयाजीरावांची फौज त्यांना मिळाली, आणि महाराज व दिवाण आग्र्यास निघून गेले. शहर पेशव्यांचे झाले. बायजाबाई राजघराण्यातील स्त्रियांना घेऊन नरवरला गेल्या. आता पेशव्यांच्या पक्षाला गरज होती ती शिंद्यांच्या घराण्यातील एखाद्या वजनदार नावाची. बायजाबाईंनी ग्वाल्हेरीस येऊन राज्य सांभाळावे अशी विनवणी त्यांच्याकडे गेली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या अधिकारासाठी त्यांनी सारे पणाला लावले होते तो अधिकार आयता दारी आला होता. त्या गेल्या नाहीत. उलट आलेली पत्रे त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांकडे पोहोचती केली.

या निर्णयाबद्दल त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. कोटा-की-सरायच्या ओढ्याकाठी राणी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला, आणि त्याच दिवसांत नरवरला दुसरी एक मराठी राणी इंग्रजांना पत्रे पाठवीत होती, हे चित्र शेजारी शेजारी ठेवले की मन एका बाजूला ओढले जाते. परंतु बायजाबाईंनी असई पाहिली किंवा ऐकली होती, महाराजपूरचा निकाल त्यांना ठाऊक होता, आणि राणीला नव्हता असा एक अनुभव त्यांच्यापाशी होता: हाती पेढी असूनही वर्षानुवर्षे तंबूत दिवस काढण्याचा. बुडत्या पेढीची हुंडी सावकार स्वीकारीत नाही. त्यांचा निर्णय शूराचा नव्हता, सावकाराचा होता. आणि शिंद्यांचे राज्य टिकले यात त्याचाही काही वाटा आहे, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा.

याच दिवसांत लष्करच्या सराफ्यात जे घडले ते ग्वाल्हेरकरांच्या स्मरणात आजही आहे. शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी पेशव्यांच्या फौजेसाठी खजिना खुला केला, आणि इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर २२ जून १८५८ रोजी सराफ्यातील कडुनिंबाच्या झाडाला त्यांना जाहीरपणे फाशी देण्यात आली, असे सांगितले जाते. तिजोरीची किल्ली कोणी कोणासाठी फिरविली, याची किंमत त्या जून महिन्यात प्राणांनी मोजली गेली. राजवाड्यातील वृद्धेला आपल्या शहाणपणाबद्दल शांतपणे जगता आले. खजिनदाराला तेवढी मुभा नव्हती.

१८६३ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी ग्वाल्हेरीतच बायजाबाईंचे निधन झाले. जयविलास महाल अद्याप उभा राहावयाचा होता. तो १८७४ मध्ये झाला. मोतीमहालाजवळच्या बैजातालाचे नाव त्यांच्यावरून पडले, असे सांगतात. संध्याकाळी तेथे फिरावयास येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते ठाऊक असते. त्यांच्या नावाचे दगड अधिक आहेत ते ग्वाल्हेरबाहेर. उज्जैनच्या भर बाजारातील गोपाळ मंदिर त्यांनी बांधले. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा चाळीसहून अधिक खांबांचा मंडप १८२८ मध्ये त्यांच्याच द्रव्यातून उभा राहिला, आणि ज्ञानवापीच्या इतिहासाची चर्चा निघाली की आजही ग्वाल्हेरच्या या राणीचे नाव निघते. तेथील शिंदे घाटही त्यांचाच. तो एवढा भव्य योजला गेला की पाषाणांच्या भाराने पाया खचून बांधकाम गंगेकडे कलले. फॅनी पार्क्सनेही त्याचे भंगलेले रूप पाहिले होते.

शिंद्यांच्या रोकडीची कथा बाईंबरोबर संपली नाही. जयाजीरावांनीही द्रव्य पुरून ठेवण्याची रीत चालू ठेवली. ते १८८६ मध्ये वारले तेव्हा माधवराव लहान होते. तळघरांतून निघालेल्या रकमेपैकी साडेतीन कोटी रुपये पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकारला कर्जाऊ देण्यात आले. बायजाबाईंच्या ८० लाखांनंतर साठ वर्षांनी तोच धनको आणि तोच ऋणको पुन्हा समोरासमोर आले. माधवरावांनी मात्र पैसा पुरणे सोडून तो कारखान्यांत घालण्यास आरंभ केला. टाटांच्या पोलाद कंपनीने १९०७ मध्ये मुंबईत भागभांडवल उभे केले, आणि त्यानंतर खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते सगळेच्या सगळे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. त्याच १९०७ साली पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या हाती 'माझा प्रवास' पडला, आणि वरसईच्या भटजींनी ऐकलेली मथुरेच्या यज्ञाची ती वार्ता पन्नास वर्षांनी छापून आली.